गॅस आहे, पण दगड सोडत नाही

भिवंडीच्या आसपासच्या एखाद्या दगडखाणीतला ताजा फुटलेला दगड हातात घेतला, तर त्यात बऱ्याचदा भोकं दिसतात. काही मिलिमीटरभर, काही बोटाच्या पेराएवढी. काही रिकामी असतात, तर काहींत पांढरी गारगोटी गच्च बसलेली असते. ही सगळी भोकं वायूनं पाडलेली आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीवर पसरला, तेव्हा त्यात विरघळलेली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपानं वर येऊ लागले. वरचा लाव्हा आधीच घट्ट झाला होता, त्यामुळे बुडबुडे जागच्या जागी अडकले. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ आणून भरलं. खडी क्रशरवर रोज ट्रकच्या ट्रक भरून जाणाऱ्या या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, वायूच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसतात, पण जळणारा वायू त्यात नावालाही नाही.

आता दुसरा दगड पाहा. शेल नावाचा, गाळाचा, करड्या-काळ्या रंगाचा. नखानं ओढलं तर पापुद्रे निघतील असा. साध्या भिंगाखाली त्यात एकही भोक दिसत नाही. तरीही अमेरिकेत आज निघणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग अशाच दगडातून येतो. त्याची छिद्रं पाच ते शंभर नॅनोमीटरची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत अशी हजारभर छिद्रं मावतील. गॅस त्या छिद्रांत असतो, शिवाय दगडातल्या सेंद्रिय द्रव्याच्या पृष्ठभागाला चिकटूनही असतो.

भिवंडीसारख्या गावाला या गोष्टीशी देणंघेणं आहे. यंत्रमागावर सूत चढण्याआधी सायझिंगमध्ये त्याला खळ लागते, मागाहून उतरलेलं कापड डाईंगला जातं, आणि या दोन्ही ठिकाणी बॉयलर लागतो. बॉयलरमध्ये लाकूड जाळायचं, कोळसा जाळायचा की पाइपचा गॅस, हा इथल्या हवेचा आणि कारखानदाराच्या हिशेबाचा प्रश्न आहे. महानगर गॅसच्या क्षेत्रात भिवंडी येते. तेव्हा तो गॅस येतो कुठून, आणि आपल्या पायाखाली तो का नाही, हे समजून घेणं मला अगत्याचं वाटतं.

गॅस जन्माला येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: सेंद्रिय द्रव्य, ते कुजून नाहीसं होऊ न देणारं प्राणवायूविरहित पाणी, आणि पुरेशी उष्णता. समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी शेवाळ, सूक्ष्मजीव, नद्यांनी वाहून आणलेला पालापाचोळा बारीक चिखलात गाडला जातो. वर गाळाचे थर चढत जातात, चिखलाचा दगड होतो आणि सेंद्रिय द्रव्याचं केरोजेन होतं. हा दगड खाली खाली जात साठ अंशांच्या पुढे तापला की केरोजेनमधून तेल सुटू लागतं. एकशेवीस-दीडशेच्या पुढे तेलही फुटतं आणि गॅस होतो. यासाठी साधारण दोन ते चार किलोमीटर खोली आणि लाखो-कोटी वर्षं लागतात. दगड किती पिकला हे भूवैज्ञानिक त्यातल्या व्हिट्रिनाइट या कोळशासारख्या कणांच्या चकाकीवरून ठरवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ०.६ टक्के भाग परतला तर तेलाची सुरुवात झालेली असते, १.३ टक्क्यांच्या पुढे गेला की गॅसचा पट्टा सुरू होतो. ज्या दगडात हे सगळं घडतं त्याला उगमखडक म्हणू.

भिवंडी तालुक्यातच वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत, तानसा नदीच्या काठाला. जमिनीखाली एवढी उष्णता आहे तर गॅसही असेल, असं कुणालाही वाटू शकतं. पण या कुंडांतलं पाणी पावसाचं. ते भेगांतून खोल उतरतं, तिथल्या ऊबदार खडकांत तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. उष्णता आहे, सेंद्रिय द्रव्य नाही. चूल पेटलेली आहे, पण चुलीवरच्या भांड्यात डाळच नाही.

डाळ अगदीच नव्हती असंही नाही. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये कधी कधी हजारो वर्षांचा काळ जाई. त्या काळात बेसॉल्टवर तळी साचत, तळ्यांत चिखल बसे, जीव राहत. वरळीच्या टेकडीत अशाच थरात बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या ट्रॅपमध्येही (दख्खनच्या लाव्हाथरांना हेच नाव आहे) सेंद्रिय गाळ आहे. पण हे थर पातळ, तुटक, आणि गॅस पिकण्याइतके खोल कधी गाडलेच गेले नाहीत. उगमखडकाला पुरेशी जाडी आणि मोठा विस्तार लागतो.

असा विस्तार भिवंडीच्या पश्चिमेला आणि उत्तरेला तयार झाला, आणि तोही याच काळ्या दगडाच्या डोक्यावर. लाव्हाचा भर ओसरल्यावर पश्चिम किनारा मोडू लागला. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटून गेला. पनवेल-कल्याणच्या बाजूला बेसॉल्टचे थर समुद्राकडे वाकले. भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर म्हणून ओळखलं जाणारं ते वाकण आजही दिसतं. सह्याद्रीकडची जमीन उंच राहिली आणि झिजत गेली. खंभातच्या खोऱ्यात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात मात्र जमीन खचत राहिली. खचलेल्या भागात सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी दलदली, खाड्या आणि उथळ समुद्र होते. तिथल्या काळ्या चिखलाचे पुढे दोन उगमखडक झाले: गुजरातेत खंभात शेल आणि मुंबईसमोर पन्ना थर. जो बेसॉल्ट भिवंडीत आभाळाखाली उघडा आहे, तोच तिथे या चिखलाची फरशी आहे.

या उगमखडकांतून निसटलेल्या तेल-वायूवर आपली अर्धी गोष्ट उभी आहे. सोव्हिएत जहाजाच्या भूकंपलहरी सर्वेक्षणानं १९६०च्या दशकात मुंबईसमोरचा मोठा उंचवटा दाखवला, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या मंचावरून खोदलेल्या विहिरीत तेल लागलं. ते मुंबई हाय. १९७६ मध्ये शेजारीच मोठं वायुक्षेत्र सापडलं, त्याला वसईचं नाव मिळालं. या दोन्ही ठिकाणी गॅस आणि तेल सापडलं ते चुनखडकात. पन्ना थरात जन्मलेलं द्रव्य भेगांतून वर सरकत सच्छिद्र चुनखडकात येऊन अडकलं होतं. मुंबई हायचा गॅस उरणला आला, वसईचा हजिऱ्याला गेला.

पण उगमखडकातून सगळं काही निसटत नाही. गॅस पिकलेल्या शेलमध्ये बराच भाग मागे राहतो, कारण चांगल्या सच्छिद्र खडकाच्या तुलनेत शेलमधून वायू वाहण्याची क्षमता दहा लाख पटींनी कमी असू शकते. तेल-वायूचे शोधक शंभर वर्षं या दगडाला उगम म्हणून मान देत आले आणि खोदायला दुसरीकडे जात राहिले. त्यांचं चुकलं नव्हतं. विहीर खोदली तर तिच्या भोवतीच्या वीतभर दगडातला गॅस निघे आणि प्रवाह थांबे.

अशा दगडात किती गॅस आहे हे मोजतात कसं, ते पाहण्यासारखं आहे. विहिरीतून दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, वर आणला जातो. वर येता येताच दाब कमी होतो आणि गॅस सुटू लागतो, त्यामुळे क्षणाक्षणाचा हिशेब ठेवतात. वर येताच कोअरचे तुकडे धातूच्या नळकांड्यांत घालून झाकण घट्ट लावतात आणि नळकांडी गरम पाण्याच्या टाकीत ठेवतात, खाली त्या खोलीवर जेवढं तापमान होतं तेवढ्यावर. मग दिवसचे दिवस, कधी आठवडे, त्यातून सुटणारा गॅस मोजत राहायचं. सुटायचं थांबलं की दगड दळून भुकटी करायची आणि अजून किती अडकला होता ते पाहायचं. वर येताना वाटेत किती गेला त्याचा अंदाज आलेखावरून मागे जात काढायचा. तीन आकड्यांची बेरीज म्हणजे त्या दगडातला गॅस. यातला टाकीत मोजलेला आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. दगडात किती आहे हे बेरजेवरून कळतं. दगड स्वतःहून किती देतो आणि किती सावकाश देतो, हे त्या टाकीतल्या आठवड्यांत कळतं.

दगडाला द्यायला भाग पाडण्याचं तंत्र टेक्सासमध्ये पिकलं. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं १९८१ मध्ये बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर खोदली. पुढची सोळा-सतरा वर्षं महागडे घट्ट द्राव वापरून पाहिले, हिशेब जुळेना. १९९७-९८ च्या सुमारास निक स्टाइन्सबर्गर या अभियंत्यानं जवळजवळ साधं पाणी, त्यात थोडी वाळू आणि घर्षण कमी करणारी थोडी रसायनं एवढ्यावर काम भागवलं, आणि विहिरी वाहू लागल्या. त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली: खाली जाऊन शेलच्या थरातून किलोमीटर-दोन किलोमीटर आडवं जायचं, मग टप्प्याटप्प्यानं प्रचंड दाबाचं पाणी सोडून दगड फोडायचा, आणि भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू बसवायची. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

भारतात याची सुरुवात ओएनजीसीनं केली. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरच्या विहिरीत २५ जानेवारी २०११ रोजी सुमारे १,७०० मीटर खोलीवरच्या शेलमधून गॅस आला. तो गोंडवनाचा, म्हणजे पर्मियन काळाचा शेल. आपल्या ट्रॅपपेक्षा वीस कोटी वर्षांनी जुना. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी केंद्र सरकारनं सरकारी कंपन्यांसाठी शेल गॅस धोरण जाहीर केलं, ओएनजीसीला पहिल्या टप्प्यात पन्नास क्षेत्रं मिळाली, आणि भरूच जिल्ह्यात जंबुसरला खंभात शेलची परीक्षा सुरू झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांनाही आपापल्या क्षेत्रांत ही मुभा मिळाली. काही विहिरींत थोडा गॅस आणि थोडं तेल दिसलं. व्यापारी उत्पादन उभं राहिलं नाही.

याचं कारण बहुतेक लेखांत पैसा किंवा पाणी असं सांगतात. ती कारणं खरीच आहेत, पण माझ्या मते पहिलं कारण दगडाच्या घडणीत आहे. बार्नेट शेलमध्ये सिलिका भरपूर आहे. सिलिकेचा दगड कडक आणि ठिसूळ असतो. दाब दिला की तडकतो, आणि तडा गेलेला राहतो. खंभात शेलमध्ये चिकणमातीची खनिजं जास्त आहेत. त्याला दाब दिला की तो थोडा वाकतो, दबतो, आणि भेग पडलीच तर वाळूच्या कणांना आत रुतवून घेत हळूहळू मिटते. शिवाय काही चिकणमाती पाणी मिळालं की फुगते, म्हणजे ज्या पाण्यानं वाट करायची तेच वाट बंद करतं. खंभात शेलनं अंकलेश्वर आणि कलोलसारख्या तेलक्षेत्रांना तेल पुरवलं. तो उगमखडक म्हणून उत्तमच आहे. पण चांगला उगमखडक चांगला शेल गॅस खडक असतोच असं नाही, आणि हा फरक कोअर फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच मोठमोठ्या आकड्यांकडे जपून पाहायला हवं. अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनानं २०१३ मध्ये भारताच्या शेलमध्ये ५८४ लाख कोटी घनफूट गॅस असल्याचा आणि त्यातला ९६ लाख कोटी घनफूट काढता येण्याजोगा असल्याचा अंदाज दिला. भारत वर्षाला साधारण साठ अब्ज घनमीटर गॅस वापरतो. त्या हिशेबानं ही चाळीसहून अधिक वर्षांची पुंजी होते. अमेरिकेच्याच भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेनं त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई प्रांत (यातच खंभात येतं), कावेरी आणि कृष्णा-गोदावरी या तीन भागांसाठी दिलेला सरासरी अंदाज ६.१ लाख कोटी घनफुटांचा होता, म्हणजे तीन वर्षं पुरेल इतका. दोघांची पद्धत आणि व्याप्ती वेगळी, त्यामुळे एकाला खोटं ठरवण्याचं कारण नाही. पण विहिरींची माहिती कमी असते तेव्हा आकडा गृहीतकांवरच हलतो. पोलंडमध्ये हेच झालं. २०११ मध्ये युरोपातला सर्वांत मोठा साठा म्हणून गाजलेला तिथला अंदाज पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूशास्त्र संस्थेनं कित्येक पटींनी खाली आणला, आणि एक्झॉनमोबिलनं गाशा गुंडाळला.

पाण्याचा हिशेब भिवंडीकराला चटकन कळेल. एका आडव्या विहिरीला फोडायला एक ते दोन कोटी लिटर पाणी लागू शकतं, म्हणजे दहा हजार लिटरचे हजार-दोन हजार टँकर. एवढ्यावर भागत नाही, कारण वर परत येणारं पाणी खारट असतं, त्यात खालच्या खडकातले क्षार आणि धातू असतात, आणि ते साठवून, शुद्ध करून किंवा खोल जिरवूनच त्याची विल्हेवाट लावावी लागते. ज्या तालुक्यातून मुंबईचं पाणी मोठ्या नळांतून वाहत जातं आणि गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे हा प्रश्न नंतर पाहू म्हणून सोडता येणार नाही.

तरीही शेलचा गॅस महाराष्ट्रात आला, परक्या दगडातून. गेलनं अमेरिकेतल्या सबाइन पासहून द्रवरूप गॅस घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला आणि त्याचं पहिलं जहाज मार्च २०१८च्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला लागलं. उणे १६२ अंशांवर द्रव केलेला तो गॅस तिथे पुन्हा वायू होतो आणि पाइपनं पनवेलकडे येतो. अमेरिकेच्या पाइपांत शेलचा आणि इतर गॅस एकत्रच वाहतो, इथल्या पाइपांतही देशी आणि आयात गॅस एकत्रच वाहतो. म्हणून सायझिंगच्या बॉयलरमधली ज्योत पन्ना थराची की टेक्सासच्या शेलची, हे वेगळं काढता येत नाही. किंमत मात्र वेगळी काढता येते. तो करार अमेरिकेतल्या हेन्री हब या गॅसबाजाराच्या दराला बांधलेला आहे, त्यावर द्रव करण्याचा आणि समुद्रप्रवासाचा खर्च. रिलायन्सनं तर २०१० मध्ये अमेरिकेतल्या शेल क्षेत्रांत भागीदाऱ्याच घेतल्या आणि दशकभरानं त्यांतून ती बाहेर पडली.

आता राहिला प्रश्न भिवंडीच्या ट्रॅपखाली काय आहे याचा. ट्रॅपच्या वर उगमखडक नाही, पण खाली ट्रॅपहून जुना गाळ असू शकतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम आठेक मीटर गाळ आणि लगेच ग्रॅनाइटवजा जुना पाया लागला. कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याला ३,००० मीटरपर्यंत खोदलं. तिथे किलोमीटरभर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. मधे गाळ नाहीच. ही दोन्ही ठिकाणं भिवंडीपासून दूर आहेत, पण दक्षिण आणि मध्य महाराष्ट्रात ट्रॅपखाली जाड गाळाची आशा त्यांनी कमी केली.

उत्तरेकडे चित्र वेगळं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे के. एल. कैला यांनी १९८८ मध्ये खोल भूकंपलहरींच्या सर्वेक्षणावरून नर्मदा-तापी पट्ट्यात ट्रॅपखाली मध्यजीव काळाचं गाळाचं खोरं दडलेलं असल्याचं मांडलं. खानदेशाच्या उत्तर कडेला लागलेला तो पट्टा. महाराष्ट्रात शेल गॅसचा गंभीर प्रश्न विचारायचा तर मी तो तिथे विचारेन. चंद्रपूर-वणीकडचा गोंडवना गाळ उघड आहे, पण तिथला कोळसा ओलसर आणि कमी पिकलेला. झरियाचा कोळसा कोकिंग झाला तेवढी उष्णता त्याला मिळालीच नाही, त्यामुळे तिथल्या शेलमध्येही गॅस पिकण्याची शक्यता कमी.

खानदेशातली अडचण काळ्या दगडाचीच आहे. बेसॉल्टमधून लहरी वेगानं धावतात, खालच्या गाळात मंद होतात, आणि लाव्हाच्या थराथरावरून परावर्तित होऊन गोंधळ करतात. वरून पाठवलेल्या लहरींतून खालच्या थरांचं स्पष्ट चित्र येत नाही. म्हणून तिथे पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी मोजणारी पद्धत आणि गुरुत्वाकर्षणाची मोजणी यांची जोड घ्यावी लागते: बेसॉल्टच्या मानानं गाळ वीज चांगली वाहून नेतो आणि वजनानं हलका असतो. एवढं करून जाडीचा अंदाज येतो. तो गाळ समुद्रातला की नदीतला, त्यात केरोजेन किती, व्हिट्रिनाइटची चकाकी किती, सिलिका जास्त की चिकणमाती, याचं उत्तर ट्रॅप पार करून आणलेल्या कोअरशिवाय मिळणार नाही. वरचा लाव्हाही दोन्ही बाजूंनी काम करतो: त्याच्या उष्णतेनं आणि वजनानं खालचा गाळ पिकायला मदत होऊ शकते, आणि गाळातून वर घुसलेल्या डाइकांनी, म्हणजे लाव्हाच्या उभ्या भिंतींनी, तोच गाळ जागोजागी करपूही शकतो. त्या कोअरचे तुकडे गरम पाण्याच्या टाकीत आठवडाभर ठेवून जे मोजलं जाईल, तोच उत्तर महाराष्ट्रासाठी या विषयातला पहिला खरा आकडा असेल.